हा गेम कोणत्या कप्प्यात ठेवायचा?

श्रोतेहो, नमस्कार. मोबाइलवर किंवा संगणकावर गेम विकणाऱ्या कोणत्याही ऑनलाइन दुकानात डोकावले, तर ॲक्शन, ॲडव्हेंचर, पझल, स्ट्रॅटेजी, रोल प्लेइंग, सिम्युलेशन अशी नावे ओळीने मांडलेली दिसतात. नातवंडाच्या हट्टापायी तिथे गेलेल्या आजोबांचा साहजिकच असा समज होतो की, कोणीतरी जाणकाराने विचारपूर्वक हे कप्पे केले असणार आणि प्रत्येक गेमची जागा ठरलेली असणार. तसे झालेले नाही. ग्रंथालयात वर्गीकरणाचे काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाला तर ती यादी वाचताना पहिल्या ओळीपासूनच अडखळायला होते. ते का, हे आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

चित्रपटाचा प्रकार आपण बहुधा त्याच्या कथेवरून ओळखतो. युद्धपट वेगळा, विज्ञानपट वेगळा. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र कथेपेक्षा खेळणाऱ्याच्या हाताला काय काम आहे, हे आधी पाहिले जाते. १९९३ साली आलेल्या ‘डूम’मध्ये मंगळाच्या चंद्रांवर राक्षसांचा संहार करायचा असतो, तर २००३ सालच्या पहिल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये दुसऱ्या महायुद्धातील सैनिक म्हणून लढायचे असते. पडद्यावर या दोन कथा दोन टोकांच्या ठरल्या असत्या; इथे मात्र दोन्ही ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या एकाच नावाखाली येतात, कारण दोन्हींत आपण पात्राच्या डोळ्यांनी पाहतो आणि नेम धरून गोळी झाडतो. नियम सोपा वाटतो, पण तो टिकत नाही. ‘हॉरर’ हे नाव भीतीवरून पडले आहे, ‘रेसिंग’ विषयावरून, ‘मल्टिप्लेअर’ खेळाडूंच्या संख्येवरून आणि ‘फर्स्ट पर्सन’ हे तर केवळ कॅमेरा कुठे ठेवला आहे एवढेच सांगते. चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच यादीत शेजारी शेजारी बसवली, तर एकच गेम चार ठिकाणी सापडणार, यात नवल नाही.

व्यवस्थित विभागणी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अमेरिकी गेम-रचनाकार ख्रिस क्रॉफर्ड यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सर्व गेमचे दोन मोठे गट केले होते: एक चपळाईचे आणि कृतीचे, दुसरे डावपेचांचे. एकात हात चालवायचा, दुसऱ्यात डोके. ही मांडणी काही काळात अपुरी पडेल, असे त्यांनी स्वतःच तिथे नमूद केले होते, आणि झालेही तसेच. १९९२ साली ‘ड्यून टू’ आला आणि त्यानंतर १९९८ साली ‘स्टारक्राफ्ट’. दोन्ही गेम डावपेचांचेच, पण इथे प्रतिस्पर्धी आपली चाल संपेपर्यंत थांबत नाही. खाणकाम, बांधकाम आणि लढाई एकाच वेळी सांभाळावी लागते. ‘स्टारक्राफ्ट’चे अव्वल खेळाडू मिनिटाला ३०० च्या आसपास क्रिया करतात. हा डोक्याचा खेळ म्हणायचा की हाताचा? क्रॉफर्ड यांच्या दोन गटांमधली भिंत इथेच पडली.

मुळात ही नावे वरून ठरवून खाली आलेली नाहीत. बहुतेक वेळा एखाद्या गाजलेल्या गेमच्या वंशजांना ती चिकटली आहेत. ‘ॲडव्हेंचर’ या नावाची कुळकथा पाहा. विल क्राउथर या अमेरिकी प्रोग्रॅमरला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. १९७६ च्या सुमारास त्याने केंटकीतील मॅमथ गुहेच्या आधारे केवळ शब्दांत खेळायचा एक गेम लिहिला आणि पुढच्या वर्षी डॉन वुड्स याने त्यात भर घातली. खेळाडूने ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशा अर्थाच्या छोट्या आज्ञा टंकायच्या आणि संगणकाने पुढचे वर्णन दाखवायचे. या गेमला लोक ‘ॲडव्हेंचर’ म्हणत, म्हणून त्याच्या पठडीतले पुढचे सारे गेमही ‘ॲडव्हेंचर गेम’ झाले, मग त्यात साहस असो वा नसो. ‘डूम’सारख्या गेमनाही काही वर्षे सरळ ‘डूम क्लोन’, म्हणजे डूमच्या नकला, असेच म्हटले जात होते. माझ्या मते हे वर्गीकरण ग्रंथालयातल्या कपाटांपेक्षा आपल्या गायकीच्या घराण्यांच्या जवळचे आहे. घराण्याची व्याख्या कोणी आधी लिहून ठेवलेली नसते. कोणाची तालीम कोणाकडे झाली, यावरून ते ओळखले जाते, आणि दोन घराण्यांकडे शिकलेला गवई निघाला की वाद सुरू होतो.

या वादाचे सर्वांत रंगलेले उदाहरण ‘रोगलाइक’, म्हणजे ‘रोग’ या गेमसारख्या, प्रकाराचे आहे, आणि त्यावर थोडे अधिक थांबायला हवे. १९८० साली मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा गेम तयार केला (हा आजार नव्हे; इंग्रजीत ‘रोग’ म्हणजे लुच्चा). पुढे केन अर्नोल्ड यांनी त्याला हातभार लावला. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावर टिंबे आणि रेघा यांनी आखलेले तळघर दिसे, आपण स्वतः म्हणजे ‘ॲट द रेट’चे चिन्ह, आणि इंग्रजी वर्णमालेतली मोठी अक्षरे म्हणजे एकेक राक्षस. तळघराचा नकाशा प्रत्येक डावात नव्याने तयार होई, त्यामुळे पाठांतराचा उपयोग नसे. आपण एक पाऊल टाकले की राक्षस एक पाऊल टाकत. आपण विचार करत बसलो तर तेही बसून राहत. आणि मेलात की डाव संपला: जतन केलेला खेळही पुसला जाई, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

या गेमची वंशावळ एवढी वाढली की २००८ साली बर्लिनमध्ये भरलेल्या रोगलाइक निर्मात्यांच्या परिषदेत या प्रकाराची लक्षणे लिहून काढण्यात आली. यादृच्छिक नकाशा, कायमचे मरण, पाळीपाळीने चाल, चौकटींची जमीन, मोजक्या साधनसामग्रीचा हिशेब वगैरे. ही लक्षणे काढताना पाच जुने गेम आदर्श मानले गेले, आणि एखादे लक्षण नसले म्हणून गेम जातीबाहेर होत नाही, असेही सांगितले गेले. पण योगायोग असा की, त्याच वर्षी डेरेक यू यांचा ‘स्पेलंकी’ आला. नकाशा दर वेळी नवा, मेलात की पहिल्यापासून, हे सारे ‘रोग’चेच, मात्र पाळीपाळीची चाल नाही, मारिओसारखे धावायचे आणि उड्या मारायच्या. पुढे ‘स्ले द स्पायर’ आला, ज्यात तळघर नाही की चौकटी नाहीत, सगळी लढाई पत्त्यांची. तरीही खेळणारे त्याला ‘रोगलाइक’ म्हणतात. जुन्या मंडळींनी अशा पोटशाखांसाठी ‘रोगलाइट’ हे वेगळे नाव चालवून पाहिले, पण दोन्हींमधली रेघ नेमकी कुठे आहे, यावर एकमत झालेले नाही. मला विचाराल तर खेळणाऱ्यांचे म्हणणे अधिक पटते. हरलेला डाव कायमचा हरलेला असतो, आणि त्यामुळे प्रत्येक निर्णय घेताना हात आखडतो. हा अनुभव ‘स्ले द स्पायर’मध्येही येतो, आणि चौकटी आहेत की नाहीत, हे त्यापुढे गौण आहे.

नावे नेहमी निरुपद्रवी असतात असेही नाही. ज्या गेममध्ये एखाद्या घरात किंवा बेटावर फिरत फिरत कथा उलगडायची असते, त्यांना ‘वॉकिंग सिम्युलेटर’, म्हणजे नुसती चालण्याची नक्कल, हे नाव हिणवण्यासाठी दिले गेले आणि नंतर तेच रूढ झाले. जपानी रोल प्लेइंग गेमना पाश्चात्त्य जगात ‘जेआरपीजी’ हे जे संक्षिप्त नाव पडले, ते प्रथम ऐकले तेव्हा आपल्याला ते भेदभावाचे वाटले होते, असे ‘फायनल फँटसी’ या जपानी गेममालिकेतील सोळाव्या भागाचे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ साली बोलून दाखवले.

आता ग्रंथालयाकडे वळतो. मेल्विल ड्युई यांच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीत पुस्तकाला विषयाच्या उतरंडीत एक जागा शोधून द्यावी लागते. १९३३ साली मद्रासमध्ये एस. आर. रंगनाथन यांनी आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली आणि प्रश्नच बदलला: विषयाचे पैलू सुटे करायचे आणि प्रत्येक पैलूचे उत्तर स्वतंत्रपणे नोंदवून मग ती जोडायची. गेमनाही हीच पद्धत लागू पडावी असे मला वाटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा २०२० सालचा ‘राजी’ घ्या. राजी ही मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला शोधत निघते. ती लढते, भिंती चढते, मध्येच थांबून मंडलाकृती कोडी सोडवते, आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. दुकानात त्यावर ‘ॲक्शन ॲडव्हेंचर’ एवढीच चिठ्ठी असते, जी जवळजवळ काहीच सांगत नाही. कॅमेरा कुठे, हाताला काम कोणते, हरल्यास काय गमवावे लागते, कथा कुठली, हे वेगवेगळे नोंदवले तर गेम डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘स्टीम’ या दुकानाने २०१४ पासून ग्राहकांनाच टॅग, म्हणजे वर्णनाचे छोटे शब्द, लावू दिले, ते याच दिशेने पडलेले पाऊल होते. फक्त त्यात पैलू सुटे न करता सगळे शब्द एका टोपलीत टाकले गेले.

कोणता पैलू महत्त्वाचा, हे विचारणाऱ्यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मात्र ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सोशल गेम आणि ऑनलाइन मनी गेम असे भाग पाडताना कौशल्य की नशीब हा प्रश्न बाजूला ठेवला आणि पैसे लावले जातात का, एवढेच पाहिले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. घरातल्या आईवडिलांना मात्र आणखी एक उत्तर हवे असते, जे कोणत्याच यादीत ठळकपणे नसते: जेवायला हाक मारली की हा गेम मध्येच थांबवता येतो का? ‘रोग’ थांबवता येतो, कारण आपण पाऊल टाकेपर्यंत तिथे काहीच हलत नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’चा डाव साधारण अर्धा तास चालतो आणि संघातल्या बाकीच्या चौघांना सोडून उठता येत नाही. मी नोंद करायला बसलो, तर हा पैलू सर्वांत वर लिहीन.