अंडं आपल्याकडे बघत असतं

नमस्कार मंडळी. समोर बरेचसे ओळखीचे चेहरे आहेत, त्यामुळे खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे काय, स्किमर कशाला, टाकी मुरवायची म्हणजे नेमकं काय करायचं, यात मी शिरत नाही. मला चाळीस मिनिटं दिली आहेत. विषय आहे बुटकं माकूल, म्हणजे इंग्रजीत ज्याला ड्वार्फ कटलफिश म्हणतात ते, आणि ते अंड्यापासून घरात कसं वाढवायचं.

आधी प्राण्याची ओळख. शास्त्रीय नाव सेपिया बँडेन्सिस. 1939 साली विल्यम अ‍ॅडम यांनी हे नाव दिलं, बांदा बेटांवरून. सावंतवाडीच्या खालचं आपलं बांदा नाही बरं का, इंडोनेशियातलं. आपण श्रीखंडात जायफळ घालतो ना, ते मूळचं याच बेटांवरचं. कित्येक शतकं जगाला जायफळ पुरवलं ते एवढ्याशा बेटांनी. तर या जायफळाच्या गावचा हा प्राणी. पूर्ण वाढला तरी धडाची लांबी जेमतेम सात सेंटीमीटर, तळहातावर मावेल. आठ हात, शिकारीपुरत्या बाहेर येणाऱ्या दोन लांब शुंडा, तीन हृदयं आणि निळसर रक्त. पोपटाच्या पिंजऱ्यात आपण जो पांढरा तुकडा अडकवतो, काष्ठौषधीच्या दुकानात ज्याला समुद्रफेन म्हणतात, तो फेस नसतो. तो माकुलाच्या पाठीतला असतो. त्यात बारीक बारीक कप्पे असतात, त्यांतल्या हवेचं आणि पाण्याचं प्रमाण बदलून प्राणी पाण्यात अधांतरी उभा राहतो. नाशिकमध्ये समुद्र नाही म्हणणाऱ्यांनी जुन्या घरातला औषधाचा डबा उघडून बघावा.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. लोक विचारतात, मोठं माकूल आणावं की अंडी? मी म्हणते अंडी, आणि अंडी घरी आली त्या दिवसापासून प्राणी घरी आला असं धरून चालायचं. अंडं म्हणजे पार्सल नाही, महिनाभर कोपऱ्यात ठेवून नंतर उघडायला. माकुलाच्या अंड्यातलं पिल्लू बाहेर बघत असतं. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. 2008 साली फ्रान्समधल्या अभ्यासकांनी याच कुळातल्या युरोपीय माकुलाची अंडी घेतली आणि ती अंडी असतानाच त्यांच्यासमोर खेकडे ठेवले, फक्त दिसतील असे. एरवी त्या जातीची नवी पिल्लं कोळंबीकडे आधी वळतात. ही पिल्लं बाहेर आली आणि त्यांनी खेकडे पसंत केले.

पुढच्या रांगेतून कोणीतरी ‘अभिमन्यू’ म्हणालं. म्हणणारच, मी हे जिथे सांगते तिथे कोणी ना कोणी म्हणतंच. पण अभिमन्यूनं ऐकलं होतं. हे पिल्लू बघतं. आणि सुभद्रेला झोप लागली म्हणून त्याचं शिक्षण अर्धवट राहिलं, इथे आई झोपण्याचा प्रश्नच नाही, कारण आई अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत जाते. पिल्लाला शिकवायला फक्त समोरचं पाणी असतं. आपल्या घरात ते पाणी म्हणजे आपण.

अंडी दिसतात कशी? काळ्या द्राक्षांचा छोटा घड. नाशिककरांना याहून वेगळी उपमा द्यायची गरज नाही. काळी अशासाठी, की आई प्रत्येक अंड्याच्या आवरणात स्वतःची शाई मिसळते. दिवस जातात तसं अंडं फुगतं, आवरण ताणलं जातं आणि काळा रंग विरळ होत धुरकट काचेसारखा होतो. शेवटच्या आठवड्यात पाठीमागून मंद उजेड धरला की आत दोन डोळे दिसतात. मग एक दिवस तुम्ही बोट काचेजवळ नेता आणि आतलं पिल्लू सरकतं. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, हाक मारली. ते पूजा अर्धी टाकून आले.

आणि अण्णांचा विषय निघालाच आहे, तर मला ही हकीकत पूर्ण सांगू द्या. वेळ जाईल, पण सांगायलाच हवी.

या एप्रिलमधली गोष्ट. चौदा पिल्लं बाहेर आली होती. वाटाण्याएवढी, पण रंग बदलणं पहिल्या दिवसापासून येत होतं. वाळूवर वाळूसारखी, दगडाशी दगडासारखी. माझ्या बहिणीचं बाळंतपण पुण्याला, मला दहा दिवस जाणं भाग होतं. अण्णांनी जबाबदारी घेतली. एप्रिलमधली नाशिकची हवा तुम्ही जाणता, कोरडी ठक्क. टाकीतलं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं. चाळीस लिटरच्या त्या छोट्या टाकीत रोज साधारण लिटरभर. मी आरओच्या पाण्याचा कॅन भरून ठेवला, माप दाखवलं आणि गेले.

आमच्या घरात तांब्याची एक घागर आहे. अण्णांच्या लग्नात आलेली, भांडी बाजारातली, ठोक्याची. अण्णा रात्री त्यात पाणी भरतात आणि सकाळी तेच पितात, आज पन्नास वर्षं. त्यांच्या मनात आलं, एवढी नाजूक पोरं, त्यांना मशीनमधलं निःसत्त्व पाणी का द्यायचं? म्हणून ते रोज रात्री कॅनमधलं पाणी घागरीत ओतायचे आणि सकाळी त्यातलं एक तांब्याभर टाकीत घालायचे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, धातूवरून ते रात्रभरात जे मिळेल ते उचलतं.

मी परत आले तेव्हा सहा गेली होती. त्या संध्याकाळी मी एका पिल्लासमोर बसून राहिले. त्याला समोरची कोळंबी दिसत होती. नेम धरताना करतात तसं त्यानं सगळं अंग पुढे कलवलं, शुंडा बाहेर टाकल्या, आणि चुकल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा चुकल्या. तिसऱ्यांदा त्यानं टाकल्याच नाहीत, रंग उतरला आणि ते वाळूवर कलतं झालं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रंग जुळवून आकडा वाचणं हे माझं रोजचं काम. टाकीचं पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, मिठाचं प्रमाण ठीक. मग पाण्यातलं तांबं तपासायचा किट काढला आणि नळीतला रंग चढत गेला. त्यानंतर मी अण्णांची वही उघडली. त्यांनी रोजची नोंद ठेवली होती, सुवाच्य अक्षरात: ‘सकाळी 7, घागरीतले पाणी 1 तांब्या. पिल्ले मजेत.’

चौदातली अकरा गेली.

माकुलाचं रक्त निळं असतं तेच मुळी तांब्यामुळे. आपल्या रक्तात प्राणवायू लोहावर बसून फिरतो, त्यांच्या रक्तात तांब्यावर. पण ते तांबं प्रथिनात घट्ट बांधलेलं असतं. पाण्यात मोकळं सुटलेलं तांबं कल्ल्यांना भिडतं आणि जीव घेतं. माशांच्या कितीतरी औषधांत तांबं असतं, म्हणून ज्या टाकीत कधी असं औषध पडलंय तिथे माकूल ठेवू नये. हे मला पाठ होतं. अण्णांना कॅन दाखवताना मी त्यातलं एक वाक्य बोलले नाही, एवढीच चूक आणि ती पूर्ण माझी. त्यांना मी त्याच रात्री खरं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उरलेली तीन कुठे ठेवतेस? मी रात्री बसतो त्यांच्यापाशी.” आणि बसले, त्या तिघांना हलवलं त्या दुसऱ्या, जुन्या टाकीपाशी खुर्ची टाकून.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे ज्याला तुम्ही आला होतात ते आता भराभर.

अंडी मिळवताना घरात पैदास झालेली विचारा. समुद्रातून पकडलेल्या मोठ्या माकुलाचं वय कळत नाही. आयुष्य जेमतेम वर्षभराचं, तुमच्याकडे येईतो त्यातलं किती संपलंय कोण जाणे. शिवाय पिशवीत घाबरून शाई सोडतं आणि टाकीत बिचकून मागे झेप घेतं, पाठीचं टोक काचेवर आपटून जखम होते, ती चिघळते.

पाणी 25 ते 26 अंश. आपल्या मे महिन्यात पाणी गार करणाऱ्या चिलरशिवाय हे जमत नाही, पंख्यावर विसंबू नका. अंड्यांभोवती पाणी हळू फिरत राहावं, थेट बुडबुडे नकोत. साधारण चार आठवडे लागतात. घाई करून हलवाहलव केली तर पिल्लू पोटाशी बलक घेऊनच बाहेर पडतं. बाहेर आलं की जाळीच्या पेटीत ठेवा, मोठ्या टाकीत त्याला शिकार सापडणार नाही.

खाणं हा खरा घाट आहे. पहिले एकदोन दिवस पिल्लू खाईलच असं नाही, आतला बलक पुरतो. त्यानंतर जिवंत आणि हलणारंच लागतं. बाजारातला जवळा कितीही ताजा असो, ते ढुंकून बघत नाही. आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे अगदी बारीक जीव, अंड्यांतून उबवून देणं सोपं, पण नुसत्या आर्टेमियावर पिल्लं जगत नाहीत. मायसिड हवेत, म्हणजे खाडीतली ती तांदळाएवढी कोळंबीसारखी जनावरं. मी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूला जाते, पहाटे खाडीवर, बॅटरीचा पंप आणि बादली घेऊन. आर्टेमिया मी या मायसिडना घालते, नाहीतर ते एकमेकांना खातात. आणि हे सगळं अंडी फुटण्याच्या आधी तयार पाहिजे, मायसिडचा डबा अंड्यांना दिसेल असा शेजारी. युरोपातल्या जातीचं यांना लागू पडतं का, हे मी घरात सिद्ध करू शकत नाही, पण डबा मी तिथेच ठेवते.

दीड-दोन महिन्यांनी काडीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा लावून हळूहळू हलवा, मेलेलं खायला शिकतात. मोठ्या एका माकुलाला 120 लिटरची टाकी धरा. दिवा एकदम लावू नका, आधी खोलीतला लावा.

शेवटचं. त्या तिघांतली मादी ऑगस्टअखेर अंडी घालायला लागली. ती आता थकली आहे, रंग फिका पडलाय, काडीवरचा तुकडा घेते आणि सोडून देते. अण्णा तरी रोज संध्याकाळी काडी धरून उभे राहतात. अंडी तिसऱ्या आठवड्यात आहेत, घटस्थापनेच्या आसपास फुटतील. कोणाला बघायची असतील तर रविवारी पाचनंतर या, एका वेळी चौघेच. मोबाइलचा टॉर्च मारायचा नाही, काचेवर टकटक करायची नाही. आतून दिसतं त्यांना.