नागपूरला राहून गेलेला पाद्री आणि मेम्फिसचा संप

हा फोटो जरा पॉज करून बघा. २९ मार्च १९६८, मेम्फिस, अमेरिकेतलं टेनेसी राज्य. एका बाजूला संगिनी लावलेल्या बंदुका घेऊन नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे जवान, आणि त्यांच्या अगदी जवळून एकामागे एक चाललेली काळी माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात तीच पाटी, 'आय ॲम अ मॅन'. त्यातल्या 'ॲम'खाली रेघ मारलीये बघा. कारण पन्नाशीच्या माणसालाही गोरा साहेब 'बॉय' म्हणायचा, म्हणजे 'ए पोऱ्या'.

ही सगळी कचरा उचलणारी माणसं. तेव्हा मेम्फिसमध्ये कचरा घराच्या मागच्या अंगणात असायचा, तो टबात भरायचा आणि डोक्यावर नाहीतर खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणायचा, टब गळके, त्यामुळे घाण पाणी मानेवरून खाली शर्टात. पगार तासाला दोन डॉलरपेक्षा कमी. १ फेब्रुवारीला जोराचा पाऊस आला, पुढच्या केबिनमध्ये जागा नव्हती म्हणून इकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर गाडीच्या मागच्या भागात आडोशाला शिरले, आणि कचरा दाबायचं मशीन आपोआप चालू झालं. दोघंही चिरडून गेले. गाड्या जुन्या आहेत, धोक्याच्या आहेत ही तक्रार आधीपासून होती, पण ऐकतो कोण! १२ फेब्रुवारीला जवळजवळ १३०० जण कामावर आलेच नाहीत. मेयर हेन्री लोब म्हणाले, संप बेकायदेशीर आहे, आधी कामावर या.

आता इथे नागपूर येतं. संपाच्या मागे उभ्या राहिलेल्या कमिटीचे प्रमुख होते रेव्हरंड जेम्स लॉसन. कोरिया युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून हा माणूस जेलमध्ये गेला, आणि सुटल्यावर पुढे नागपूरला आला, हिस्लॉप कॉलेजमध्ये! जवळपास तीन वर्षं राहिला, गांधींचा सत्याग्रह समजून घेतला, आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची (बसमधल्या काळ्या-गोऱ्या भेदाविरुद्ध काळ्यांनी बसच सोडली होती) बातमी त्याने वाचली ती नागपूरच्याच पेपरात. परत गेल्यावर काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग भेटले, त्यांनी दक्षिणेत ये म्हणून गळ घातली, मग नॅशव्हिलमध्ये हा पोरापोरींना गोऱ्यांसाठी राखीव जेवणाच्या काउंटरवर शांतपणे बसून राहायच्या आंदोलनाचं ट्रेनिंग द्यायला लागला, म्हणजे एकाने खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचं, आणि बसलेल्याने हात उचलायचा नाही. बोलायला सोपं आहे हो. याच कामापायी १९६० मध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने त्याला काढून टाकलं.

किंग मेम्फिसला आले ते लॉसनच्या बोलावण्यावरून. पण २८ मार्चचा मोर्चा बिघडला, काही पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, १६ वर्षांचा एक मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला. लॉसन भोंग्यावरून ओरडत होते, मागे फिरा, चर्चमध्ये चला. दुसऱ्या दिवशी संपकरी पुन्हा रस्त्यावर. तोच हा फोटो.

४ एप्रिलच्या संध्याकाळी मेम्फिसच्या लोरेन मोटेलच्या गॅलरीत किंगना गोळी लागली, ते गेले. शंभरहून जास्त शहरांत दंगली पेटल्या. ८ तारखेला किंग यांच्या पत्नी कोरेटा यांच्यामागे हजारो लोक मेम्फिसमधून चालले, घोषणा नाहीत, काही नाही, नुसता बुटांचा आवाज.

१६ एप्रिलला संप मिटला. युनियनला मान्यता मिळाली. पगारवाढ तासाला १५ सेंट, तीही दोन हप्त्यांत.