पंख्यावरचं नाव

(दृश्य: ठाण्याच्या नौपाड्यातलं एक जुनं सभागृह, भर दुपार. छताचा पंखा फिरतोय.)

या पंख्यावरचं नाव वाचायचं तर आधी पंखा बंद करावा लागतो. करू या.

पहिल्या पात्यावर 'कै.' आणि नाव. दुसऱ्यावर आडनाव. तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', लाल ऑइलपेंटमध्ये. रंगाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून शेवटचा 'र्थ' कडेला चढून बसलाय. भिंतीवरचं घड्याळ, पाण्याचा कूलर, मागच्या रांगेतला बाक, सगळ्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. हसू येतं खरं, पण आपल्या निम्म्या संस्था या पाट्यांवरच उभ्या राहिल्या.

(दृश्य: स्टेशनकडची गर्दी)

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं 1 जून 1893 रोजी. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे संस्थापकांपैकी एक. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली त्याला तेव्हा जेमतेम 40 वर्षं झाली होती. ते ग्रंथसंग्रहालय आजही चालू आहे.

मग चित्रांचं काय?

घोडबंदर रोडच्या टॉवरमधली माणसं तलावपाळीकडे निघाली की अजूनही 'जरा ठाण्यात जाऊन येतो' म्हणतात. त्या 'ठाण्यात', जांभळी नाका ते गोखले रोड या टापूत, देणग्यांमधून एक कलासंग्रहालय उभं राहावं, हा विषय चित्रकारांच्या गप्पांत हटकून निघतो. कुणीतरी विचारतं, कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे ना? आहे की. पण तिथे प्रदर्शन लागतं आणि उतरतं. प्रदर्शन म्हणजे पाहुणा. संग्रहालय म्हणजे चित्र दत्तक घेणं.

दत्तक घेतल्यावर काय करावं लागतं, ते बघायला एका घरी जाऊ.

(दृश्य: दुसरा मजला, लोखंडी कॉट. बाहेर पाऊस.)

हे निवृत्त चित्रकला शिक्षक. नाव नको म्हणाले. कॉटखालून पोर्टफोलिओ ओढतात. जलरंगातली निसर्गचित्रं: खाडी, मासुंदा तलाव, कोपिनेश्वराच्या मागची गल्ली. एका आभाळावर बारीक तांबूस ठिपके पडलेत. आम्हाला वाटलं, ब्रश झटकलाय. सर म्हणाले, "ती बुरशी. ते आभाळ मी रंगवलेलं नाही." प्रत्येक चित्राच्या मागे बुटांच्या खोक्यात मिळतात तसल्या पांढऱ्या पुड्या खोचलेल्या. सिलिका जेलच्या. शेजारीपाजारी नवे बूट आले की पुड्या सरांकडे येतात.

हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते. ठाण्याचा जुलै तिच्या कितीतरी वर असतो. संग्रहालयं साधारण 50 टक्क्यांच्या आसपास राहायचा प्रयत्न करतात, दिवसा आणि रात्रीही. जलरंगांवर उजेड 50 लक्सपेक्षा जास्त पडू देत नाहीत; काही महिने टांगलं की चित्र अंधारात विश्रांतीला. हे सगळं करायला माणसं लागतात आणि त्यांना दर महिन्याला पगार द्यावा लागतो.

आता पाट्यांकडे परत येऊ.

इमारतीला देणगी मिळते. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली, 1952 मध्ये खुली झाली. नाव त्यांच्या दिवंगत मुलाचं. पुण्यात कवी दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या जन्मभर गोळा केल्या आणि संग्रहालयाला नाव दिलं लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं. एका शहरात धनिक बाप, दुसऱ्यात कवी बाप. पाटी लावण्यामागे प्रत्येक वेळी मिरवणं असतं असं नाही, म्हणून पंख्यावर हसताना जपून.

नुसत्या वर्गणीवर विसंबणंही कठीण. भायखळ्याचं आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींच्या पिढीनं वर्गणी काढून सुरू केलं, पण पैसे पुरले नाहीत, सरकारला हात लावावा लागला. ते 1872 मध्ये उघडलं. सव्वाशे वर्षांनी ते जीर्ण झालं, तेव्हा महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले आणि 2008 मध्ये ते पुन्हा उघडलं. उभारायला पैसे एकदाच लागतात, टिकवायला पुन्हा पुन्हा.

यावर आपल्या संस्थांचा जुना उपाय म्हणजे कायम निधी. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर दिवाबत्ती. मग मोठ्या कंपनीकडे जावं, त्यांना नफ्यातला 2 टक्के वाटा सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावाच लागतो आणि त्या यादीत कलाही बसते. पण 2021 पासून सीएसआरचा पैसा कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. म्हणजे कंपनीकडून दालन मिळेल, दालनातल्या रात्रपाळीच्या विजेचं बिल आपलं आपण बघायचं.

तेव्हा 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' ही पाटी आर्द्रताशोषक यंत्रावर लावून घ्यायला कोण तयार होईल? ते तळघरात घरघरत असतं, उद्घाटनाला कुणी त्याच्यापाशी फोटो काढत नाही. माझं मत विचाराल तर पावतीपुस्तक छापताना पहिलं पान त्याच यंत्राचं ठेवावं. इमारत भाड्याची चालेल, दोन खोल्यांची चालेल.

कारण ठेवायला खूप आहे. ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आज कारागृह आहे, 1787 मध्ये खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरीचे 1017 सालचे ताम्रपट निघाले. त्यांचं भाषांतर छापून आलं कलकत्त्याला. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं 1989 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागली, तेव्हा त्यांचं गाव ठाणे जिल्ह्यातच होतं.

(दृश्य: पुन्हा कॉट)

सरांना विचारलं, संग्रहालय झालं तर चित्रं द्याल?

"देईन की. पैसेही नकोत." पोर्टफोलिओची नाडी बांधता बांधता थांबले. "फक्त पावसाळ्यात एकदा येऊन बघू देतील का, ते विचारा."

मग आमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत हात घालून म्हणाले, "या दोन पुड्या तुम्हाला लागतात का?"