अली की टायसन? आधी साल सांगा!

नमस्कार मंडळी! नांदेडहून बोलतोय. "भाऊ, अली विरुद्ध टायसन घ्याच" असं माझ्या बॉक्सिंगच्या प्रत्येक व्हिडिओखाली लोक लिहायलेत, आणि आता तर त्यावरून कमेंटमध्ये आपापसांत भांडायलेत. चला, घेऊ. मुहम्मद अली आणि माइक टायसन, दोघंही हेवीवेट जगज्जेते, पण वेगवेगळ्या काळातले, म्हणून ही लढत कल्पनेतलीच.

मापं पटकन सांगतो, ती बहुतेकांना पाठ आहेत. अली 6 फूट 3 इंच, टायसन 5 फूट 10. हातांचा पल्ला अलीचा 78 इंच, टायसनचा 71. अली लांबून जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसे, मारत फिरणार, टायसन मुठी गालाला लावून, डोकं हलवत आत घुसणार. झालं.

आता मला सांगा, कोणता अली? साल कोणतं? नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राउंडमध्ये संपवणारा अली 24 वर्षांचा होता, त्याला ठोसा लागतच नव्हता. पुढच्या वर्षी सैन्यात जायला नकार दिला म्हणून जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला, साडेतीन वर्षं रिंग बंद. परतला तेव्हा पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते. म्हणून तर 1974 ला किन्शासात तेव्हाचा जगज्जेता फोरमन याच्यासमोर रिंगच्या दोरांना टेकून मार झेलला, त्याला दमवलं आणि आठव्या राउंडमध्ये पाडलं.

लोक तीच लढत बघून म्हणतात, टायसनलाही असाच दमवेल. नाही हो! फोरमनचे ठोसे लांबून, मोठा हात फिरवून यायचे. टायसन छातीला चिकटून आखूड हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं ठोसा, मारतो, एक बरगडीत आणि लगेच दुसरा जबड्यावर. आणि डाव्या हूकवर अली पडलाय, 1963 ला हेन्री कूपरकडून आणि 1971 ला फ्रेझियरकडून. टायसनसमोर 1974 चा अली दोरांना टेकला तर मला त्याची काळजी वाटते.

टायसनचंही तेच. जून 1988, मायकल स्पिंक्स 91 सेकंदांत आडवा. त्याच वर्षी प्रशिक्षक केव्हिन रूनी यांच्यापासून तो वेगळा झाला. फेब्रुवारी 1990, टोकियो, बस्टर डग्लसने दहाव्या राउंडमध्ये पाडलं. मध्ये दोन वर्षंही गेली नव्हती! यातला कोणता टायसन म्हणताय तुम्ही?

एका दर्शकाचा हिशोब असा, की ट्रेव्हर बर्बिकनं अलीला हरवलं, टायसननं बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं, म्हणजे टायसन मोठा. अरे बाबा, अली-बर्बिक लढत डिसेंबर 1981 ची! अली चाळिशीला टेकला होता, ती त्याची शेवटची लढत. त्या अलीवरून 1966 च्या अलीचं माप काढता? हे वाचून मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडं माळेगावच्या यात्रेत कुस्तीची जोड लावताना पंच आधी दोघांना शेजारी उभं करतात. वय बघतात, अंग बघतात, मगच जोड लागते. नुसतं नाव ऐकून कुणी जोड लावत नाही.

शेजारच्या निजामाबादची निखत झरीन घ्या. ही लढत तर प्रत्यक्ष झाली, डिसेंबर 2019 ला, 51 किलोच्या निवड चाचणीत. मेरी कोम 9-1 नं जिंकली. पण निखतची जागतिक सुवर्णं 2022 आणि 2023 ची, मेरीची पहिली पाच 2002 ते 2010 मधली, तीही 45 ते 48 किलोंत. म्हणजे दोघी समोरासमोर आल्या तरी ऐन भरातली मेरी आणि ऐन भरातली निखत कधी भिडल्याच नाहीत. तो 9-1 दाखवून वाद मिटवणाऱ्यांनी तारीख वाचावी.

सालासोबत नियमही येतात. अलीच्या काळी किताबाची लढत 15 राउंडांची. 1982 मध्ये कोरियाचा किम डक-कू लढतीनंतर दगावला, त्यानंतर हळूहळू ती 12 वर आली. टायसन 15 राउंड कधी लढलाच नाही.

तर माझी जोड: 1966 चा अली, 1988 चा टायसन, 15 राउंड. पहिले चार राउंड टायसनचे, त्यात अली एकदा पडेलसुद्धा. पण टायसनला मिठी सोसत नाही. 1987 मध्ये बोनक्रशर स्मिथनं 12 राउंड नुसतं धरून ठेवलं, टायसन गुणांवर जिंकला पण त्याला पाडू शकला नाही. अली मान दाबून धरण्यात वस्ताद होता. पंचानं ते चालू दिलं, तर अकराव्या-बाराव्यात अली जिंकेल. पंच कडक निघाला आणि मिठी लगेच सोडवायला लागला, तर मी टायसनला जास्त संधी देईन.

आणि 1950 च्या दशकातला हेवीवेट जगज्जेता मार्सियानो विरुद्ध आपल्या काळातला हेवीवेट फ्युरी मागणाऱ्यांनो, 49 पैकी 49 जिंकलेला मार्सियानो जेमतेम 85 किलोंचा. आज तो 90.7 किलोंच्या आतल्या क्रूझरवेटमध्ये लढला असता, आणि फ्युरी 6 फूट 9 इंच. ही जोड मी लावणार नाही. मार्सियानोसमोर 2018 चा, क्रूझरवेटमधला युक्रेनचा उसिक द्या, मग बोलू.