विज्ञानकथा कोणत्या कपाटात असते?

[दृश्य: नागपूरचा झाशी राणी चौक, मेट्रोच्या पुलाखालची वर्दळ. मे महिन्यातली दुपार, तोंडाला दुपट्टे बांधलेले दुचाकीस्वार.]

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. पुण्या-मुंबईची मुलं जूनच्या मध्यावर दप्तर उचलतात, इथली घंटा महिना संपता संपता वाजते. तेरा ते सोळा वयाच्या वाचकाला त्यामुळे जवळजवळ दोन आठवडे जास्तीचे मिळतात. शिवाय घराबाहेर पडूच नये अशा दुपारी हाताशी असतात त्या वेगळ्याच. एवढ्या वेळात काय वाचायचं, असं विचारलं की घरोघरी इंग्रजी मालिकांची नावं पुढे येतात. मराठीत या वयाला काही नाही, हे आपण गृहीत धरून बसलोय.

पुस्तकं आहेत, त्यांचं वेगळं कपाट नाही. ग्रंथालयातला बालविभाग साधारण सहावी-सातवीच्या आसपास संपतो आणि पुढे एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या लागतात. मधल्या वयाच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा तीन ठिकाणी पांगलेल्या असतात: बालविभागाच्या वरच्या फळीवर, मोठ्यांच्या कथासंग्रहांत आणि दिवाळी अंकांत. त्यामुळे शोध लेखकाच्या आडनावानं घ्यायचा.

[दृश्य: ग्रंथालयाचा काउंटर. जाळीच्या दारांची कपाटं, दाखल नोंदवही.]

काउंटरवर नुसतं ‘विज्ञानकथा आहेत का?’ असं विचारलं की बहुधा विज्ञानाच्या कपाटाकडे बोट दाखवलं जातं. ड्युई पद्धतीनं, म्हणजे विषयाला आकडे देऊन, लावलेल्या ग्रंथालयात 500 पासून पुढे विज्ञान येतं. तिथे ग्रहणं, अणू, फुलपाखरं सगळं मिळेल, गोष्ट मात्र नाही. मराठी कथा-कादंबरीचा वर्गांक 891.463. विज्ञानकथा तिथेच, सामाजिक कादंबऱ्यांच्या गर्दीत उभी असते आणि तिच्या कण्यावर वेगळी खूण नसते. लहान वाचनालयांत ड्युईही नसते. पुस्तक आलं त्या क्रमानं दिलेला दाखल क्रमांक असतो आणि ‘कथा’, ‘कादंबरी’, ‘बाल’ अशी ढोबळ विभागणी.

म्हणून आडनावांची चिठ्ठीच करून न्यावी: नारळीकर (जयंत), फोंडके (बाळ), घाटे (निरंजन), जावडेकर (सुबोध), लोंढे (लक्ष्मण), भागवत (भा. रा.), धारप (नारायण). यादीत आडनाव आधी असतं, त्यामुळे ‘जयंत’खाली शोधून काही मिळत नाही. कपाट उघडून पाहायची परवानगीही मागावी. कथासंग्रहाच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही, अनुक्रमणिका पाहावीच लागते.

सुरुवात कुणापासून करायची, यात फार विचार करण्यासारखं नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. आपलं नाव पाहून परीक्षक दबू नयेत, म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून घेतलेलं हे नाव. बक्षीस मिळालं. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह नवख्या वाचकाच्या हाती आधी द्यावा, कारण कथा सुट्या आहेत आणि बहुतेक एका बैठकीत संपतात. त्यातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीवर उभी आहे. ती संपली की वाचक आरशासमोर जाऊन उभा राहतोच. त्यानंतर ‘वामन परत न आला’. जमिनीखाली खोलवर सापडलेली एका लुप्त संस्कृतीची पेटी आणि तिच्यातल्या ज्ञानातून घडलेला यंत्रमानव. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या गप्पांशेजारी ही कादंबरी ठेवून पाहावी.

सीबीएसईच्या मुलांसाठी आणखी एक दार आहे. अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पुस्तकातला ‘द ॲडव्हेंचर’ हा पाठ नारळीकरांचाच. त्यातले प्राध्यापक गंगाधरपंत पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेल्या जगात जाऊन पोचतात. पाठ परीक्षेपुरता वाचलेल्या मुलाला हीच गोष्ट मराठीत आहे एवढं सांगितलं तरी पुरतं.

[दृश्य: गांधीसागर तलाव, समोर रमण विज्ञान केंद्र. तारांगणाचा घुमट.]

रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात जाऊन आल्यावर त्याच आठवड्यात ‘कृष्णविवर’ वाचायला द्यावी. उलट क्रमही चालतो, पण मधे महिना गेला की उत्सुकता थंडावते.

[दृश्य: एका पानावर सरकणारं बोट.]

आता पुस्तक झेपेल का, ते पाहायचं. वय विचारू नका, पान वाचायला द्या. पहिलं पान नको, ते लेखकानं घासूनपुसून ठेवलेलं असतं. मधलं, चाळिसाव्या पानाच्या आसपासचं घ्यावं. वाचक जिथे अडखळेल तिथे एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक सहा महिन्यांनी. मात्र ‘गुरुत्वाकर्षण’, ‘तेजोमेघ’ असल्या शब्दांना बोट मोजायचं नाही, ते गोष्टीतच उलगडतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना पारिभाषिक शब्दांपेक्षा लांबलचक वाक्यं आणि जोडाक्षरांची दाटी जड जाते. अशा मुलांना कादंबरी आधी देऊ नये. दहा-बारा पानांच्या तीन-चार कथा झाल्या की डोळ्यांना देवनागरीचा वेग येतो.

भा. रा. भागवतांचं नाव निघालं की सगळ्यांना फास्टर फेणे आठवतो. त्यांचं दुसरं मोठं काम म्हणजे ज्यूल व्हर्न मराठीत आणणं. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ त्यातलंच: धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि काही माणसं त्याच्यावर अडकून बसतात. भाषा अशी की हे मूळ फ्रेंच, याची आठवणही राहत नाही. व्हर्न घेताना एक धोका असतो. बाजारात त्याच्या नावावर साठ-सत्तर पानांची, मोठ्या टाइपातली पुस्तकं मिळतात. त्यांत घटना उरतात. पाणबुडी कशी चालते, तोफेला किती दारू लागेल, हा सगळा हिशेब गळून गेलेला असतो. व्हर्नची गंमत त्या हिशेबातच आहे. म्हणून मुखपृष्ठ उलटून आतल्या पानावर ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’ की ‘अनुवाद’ ते बघावं, आणि अनुवादकाचं नाव नसेल तर पुस्तक परत ठेवावं.

अद्भुतकथेत मराठीची जमीन वेगळी आहे. नारायण धारप भयकथेसाठी गाजले, पण ‘गोग्रामचा चितार’ ही त्यांची कादंबरी स्वतःचं अख्खं जग उभं करते. धारपांची बरीच पुस्तकं ‘साकेत’नं पुन्हा छापली आहेत, त्यामुळे जुन्या प्रतीमागे धावायची गरज नाही. एक मात्र सांभाळा: कपाटात धारपांची पुस्तकं सलग लावलेली असतात आणि हात आधी भयकथेवर पडतो. ‘लुचाई’ पंधराच्या आत देऊ नये, असं आमचं मत. ज्याला रात्री गच्चीवर झोपायचंय त्याला तर नकोच.

अनुवादांत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ भोपाळच्या ‘मंजुल’नं काढलं. ज्यानं चित्रपट पाहिलाय पण पुस्तक धरलं नाही, त्याच्यासाठी ते सोपं, कारण कथानक ठाऊक असतं. टॉल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन खंडांची कादंबरी मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं मराठीत आणली. ती नववीच्या आत पेलत नाही. आधी टॉल्किनचाच ‘हॉबिट’ पचलेला बरा. कुठलीही मालिका सुरू करण्याआधी दुसरा आणि तिसरा खंड कपाटात आहे का, हे पाहून घ्यावं. पहिल्या भागाच्या प्रती जास्त खपतात, मधला भाग गायब असतो आणि वाचक तिथेच सुटतो.

नागपुरात घरी मराठी आणि गल्लीत हिंदी, हे नेहमीचंच. त्याचाही फायदा घ्यावा. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ 1888 सालची आहे, तरी तिच्यातले ऐयार (वेषांतर करणारे हेर) आणि तिलिस्म (मायावी भुलभुलैया) आजही पान सोडू देत नाहीत.

[दृश्य: सीताबर्डी. जुन्या पुस्तकांचे गठ्ठे, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांखाली दबलेल्या कथा-कादंबऱ्या.]

बर्डीत जुनी पुस्तकं घेताना किमतीआधी फर्मे तपासावेत. फर्मा म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांची जुडी; पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं. बांधणीत एक फर्मा राहून गेला की 32 नंतर एकदम 49 येतं, किंवा तीच सोळा पानं दोनदा लागतात. 16, 32, 48, 64 अशा आकड्यांपाशी पान उलटून पाहायला एक मिनिट पुरतं. रहस्यकथेचं शेवटचं पान तर बघाच. मग कणा. नुसत्या डिंकानं चिकटवलेली बांधणी नागपूरच्या उन्हाळ्यात वाळून तडकते, दोऱ्यानं शिवलेली टिकते. आणि पुस्तकांची फळी कूलरच्या झोतासमोर नको. ओल्या हवेनं पानं फुगतात, पाठोपाठ कसर लागते.

दिवाळी अंकांत ‘धनंजय’ आणि ‘नवल’ पाहावेत. विज्ञानकथा, गूढकथा, साहसकथा यांचं हे जुनं घर. अंक मोठ्यांसाठी असतात, त्यामुळे अनुक्रमणिकेवर पेन्सिलीनं तीन-चार कथांना खूण करून द्यावी. वाचनालयांत दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने हे अंक फिरतीवर असतात. त्यानंतर मागितले तर निवांत मिळतात. पैसे अजिबात खर्चायचे नसतील तर ‘किशोर’ मासिक आहे. 1971 पासून बालभारती ते काढते आणि जुने अंक संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात.

[दृश्य: काउंटरवरची मागणी वही. दोरीला बांधलेलं पेन.]

हवं ते पुस्तक ग्रंथालयात नसेल तर मागणी वहीत लिहावं, पण डिसेंबरच्या आत. अनुदानातली खरेदी मार्चअखेरपूर्वी उरकायची असते आणि याद्या त्याच्या बऱ्याच आधी ठरतात. ‘मुलांसाठी विज्ञानकथा घ्याव्यात’ अशी नोंद कुणी वाचत नाही. पुस्तकाचं नाव, लेखक किंवा अनुवादक, प्रकाशक आणि मागच्या कव्हरवरचा तेरा आकडी आयएसबीएन, एवढं सगळं एका ओळीत लिहावं. आणि त्याच पुस्तकाखाली आणखी दोन सभासदांना सही करायला सांगावं.