आधी गिऱ्हाईक, मग परीक्षा

(कोल्हापुरात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोड्या संपादनासह)

नमस्कार. विषय तुमच्या प्राध्यापकांनीच दिलाय: फायनान्सच्या परवाना-परीक्षा नोकरी लागायच्या आधी द्याव्यात का? उत्तर देते, पण आधी एक करा. ज्यांच्या घरात किंवा भावकीत एखादा विमा एजंट आहे त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच! राहिलेल्यांनी घरी जाऊन नीट चौकशी करा, असणारच. (हशा)

आता त्या काकांना विचारा, परीक्षा कधी दिली? कंपनीनं आधी त्यांचं नाव घेतलं, प्रशिक्षण दिलं, मग परीक्षेला बसवलं. बँकेतही तसंच. जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा बँकेत नोकरीला असल्याशिवाय देताच येत नाही. उरला शेअर बाजार आणि म्युच्युअल फंड. तिथं एनआयएसएम, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं उभी केलेली संस्था, परीक्षा घेते आणि ती कुणालाही देता येते. पॅन कार्ड पाहिजे, फी भरायची, केंद्रावर जाऊन बसायचं. दार उघडं म्हणून पोरांची सगळी गर्दी तिथंच, आणि गर्दी दिसली की क्लासची दुकानं थाटली जातात. त्या दुकानांवर मला मनापासून राग आहे, तो आज बोलून दाखवते.

शाहूपुरीत माझं म्युच्युअल फंडाचं ऑफिस आहे. गेल्या पावसाळ्यात राधानगरी भागातली एक मुलगी नोकरी मागायला आली. हातात प्लॅस्टिकची फाईल, प्रत्येक कप्प्यात एक सर्टिफिकेट. एनआयएसएमच्या परीक्षांना क्रमांक असतात: म्युच्युअल फंड वितरकाची पाच-अ, डिपॉझिटरीची, म्हणजे डीमॅट खाती सांभाळायच्या कामाची, सहा, डेरिव्हेटिव्हची, म्हणजे वायदे-ऑप्शनची, आठ. म्हटलं, कुठं शिकलीस? एका क्लासनं 45 हजार घेतले होते. वडिलांनी सोसायटीतून उचल करून भरले. त्या परीक्षांची फी प्रत्येकी दीड हजाराच्या आसपास, अभ्यासाची पुस्तिका एनआयएसएमच्या संकेतस्थळावर फुकट. पाच-अ मध्ये 100 प्रश्न, 2 तास, निम्मे गुण पडले की पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. घरी बसून जमणारी गोष्ट. क्लासनं काय शिकवलं? प्रश्नसंच पाठ करून घेतले. शंभर टक्के नोकरीचं आश्वासन दिलं होतं, ती नोकरी म्हणजे पुण्यातल्या कॉल सेंटरात बसून डीमॅट खाती उघडून घ्यायची.

मी तिला एकच प्रश्न विचारला. मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या आहे, हंगाम संपताना त्याच्याकडं 8 लाख पडून आहेत. तीन महिने लागणार नाहीत असं म्हणतो, पण शेतकऱ्यांच्या काही पट्ट्या, म्हणजे मालाचे पैसे, अजून द्यायच्या आहेत. काय सांगशील? तिनं शार्प रेशो सांगितला. स्टँडर्ड डेव्हिएशन सांगितलं. ही दोन्ही जोखीम मोजायची मापं. लिक्विड फंडाची, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या म्युच्युअल फंडाची, व्याख्या पुस्तकातल्यासारखी म्हणून दाखवली. अडत्याला उलटा प्रश्न मात्र एकही विचारला नाही. पट्ट्या किती रुपयांच्या? कधी द्यायच्या? तेवढे पैसे चालू खात्यातच राहू देत. उरलेले लिक्विड फंडात ठेवले आणि आठवड्याच्या आत काढले तर थोडा एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा आकार, बसतो, आणि एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा फंडाच्या नफ्यावर त्याच्या स्लॅबप्रमाणं कर लागतो, हे त्याला आधी सांगायला नको का?

मुलगी हुशार होती. मी तिला महिनाभर ऑफिसात बसवलं. पहिल्याच आठवड्यात एका पेन्शनर आजोबांचा अर्ज अडकला. पॅनवर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’. एका मात्रेपायी केवायसी होईना. तिनं अर्धा दिवस फोन केले, आजोबांना समजावलं, दुरुस्तीचा अर्ज भरून घेतला. संध्याकाळी म्हणाली, ‘मॅडम, हे पुस्तकात का नाही?’ आता ती गिऱ्हाइकाशी आधी पाच मिनिटं नुसतं बोलते. पुन्हा तीच परीक्षा दिली तर पुस्तकाचं पान न पान तिला माणसांसकट आठवेल.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मुद्द्यावर येते.

एनआयएसएमचं सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं. दुसऱ्या वर्षाला असताना उरकलंत तर नोकरी लागेपर्यंत निम्मी मुदत वाया. म्हणून शेवटच्या वर्षाला, शेवटच्या सत्रात द्या, आणि एकच द्या. कुठल्या टेबलावर बसायचं ते ठरवून द्या. म्युच्युअल फंड असेल तर पाच-अ. ब्रोकरकडं डेरिव्हेटिव्ह करायचं असेल तर आठ, तिथं 60 गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पुढच्या परीक्षा कंपनीच्या खर्चानं होऊ देत. पास झालात म्हणजे लगेच फंड विकता येतो असंही नाही. अँफी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो, नोकरीत असाल तर मालकाच्या एआरएनखाली तुमचा ईयूआयएन, म्हणजे कर्मचाऱ्याचा ओळख क्रमांक, निघतो.

अमेरिकेत ऑक्टोबर 2018 पासून एसआयई नावाची पायाभूत परीक्षा आहे. अठरा वर्षांच्या कुणालाही, कंपनी पाठीशी नसताना देता येते, निकाल 4 वर्षं चालतो. पण सिरीज 7, म्हणजे खरोखर रोखे विकायची परीक्षा, कंपनीनं नाव दिल्याशिवाय देता येत नाही. पाया विद्यार्थ्यानं घालायचा, परवाना कामाबरोबर मिळवायचा. मला हीच वाटणी पटते. आपल्या सीएला तरी काय आहे? नव्या योजनेत 2 वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, केल्याशिवाय सीए होता येत नाही. सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तिन्ही पातळ्या पार केल्या तरी चार्टरसाठी, म्हणजे ती पदवी लावायला, 4,000 तासांचा कामाचा अनुभव मागतात. फी डॉलरमध्ये आहे, शोभेसाठी त्यात पडू नका.

कुणी म्हणेल, सर्टिफिकेटनं मुलाखतीला फायदा होत नाही का? होतो. मुंबईत आपली ओळखपाळख नसते, तिथं एक सर्टिफिकेट अर्ज वाचायला लावतं. पाचांनी मात्र पाचपट फायदा होत नाही. पाच बघितली की मीच विचारते, बाळा, काम कधी केलंस?

तेव्हा आधी महिनाभर कुठंतरी बसा. पतसंस्थेत, सीएकडं, ब्रोकरच्या काउंटरवर. माझ्याकडं दिवाळीआधी दोघांना जागा आहे, सर निघताना नावं लिहून घेतील. आणि ज्यांचं पॅन कार्ड अजून निघालेलं नाही त्यांनी या आठवड्यात अर्ज करा, नाव आधारशी अक्षर न अक्षर जुळवून.