माडाखालची जागा

नमस्कार श्रोतेहो.

मृगाला आता पंधरा दिवस उरले. घरोघरी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची गडबड चालू आहे. माझीही यादी काल झाली: कांदे, लसूण, तूरडाळ, कडधान्यं, थोडी सुकी मासळी. यादी लिहून झाल्यावर लक्षात आलं, की तिच्यात नारळ नाही, हळद नाही, मिरी नाही, आमसुलं नाहीत. पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली जाऊन एस.टी. बंद पडली, आठ दिवस बाजार गाठता आला नाही, तरी मला भाजीची काळजी नसते. अळू असतं, शेवग्याचा पाला असतो, केळफूल मिळतं. हे सगळं घरामागच्या अकरा गुंठ्यांतून येतं. गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून आमचं गाव. जमीन पुळणीची, म्हणजे वाळूची, पाणी धरून न ठेवणारी. त्या वाडीबद्दल, म्हणजे घरामागच्या माडांच्या बागेबद्दल, आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी एक हिशेब करू. माड एकमेकांपासून साडेसात मीटरवर, म्हणजे पंचवीस फुटांवर लावायचा, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. म्हणजे एका माडाच्या वाट्याला छप्पन्न चौरस मीटर जागा आली. पण माडाची कामाची मुळं बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरांच्या आतच असतात. तेवढं वर्तुळ मोजलं तर साडेबारा चौरस मीटर भरतं. पाचातला एक हिस्सा माडाने घेतला, चार हिस्से मोकळे. आपण मात्र माडाखाली काही येत नाही म्हणून ती जागा साफ करतो, झाडतो आणि तशीच ठेवतो. माझं म्हणणं त्या चार हिश्श्यांबद्दल आहे.

जुन्या वाड्या अशा मोकळ्या नव्हत्या. माझ्या सासूबाईंच्या वेळी या वाडीत उन्हाचा कवडसा जमिनीवर शोधावा लागायचा. सगळ्यात वर माड, त्याच्या खांद्याशी पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, त्यांच्या सावलीत जायफळ आणि रातांबा, म्हणजे कोकम, मग केळी, केळींच्या पायाशी हळद, आलं, सुरण. पोफळीवर मिरीचा वेल चढलेला. गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणाशी, करांदे आणि कणगी, वर वेल आणि खाली कंद. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू, कारण त्याला पाय कायम ओले लागतात. एकाच जागेत खालपासून वरपर्यंत सहा-सात पिकं, प्रत्येकाचा उन्हाचा वाटा वेगळा, मुळांची खोली वेगळी. जवळच्या देवराईत जाऊन उभं राहिलात तर जंगलही असंच रचलेलं दिसतं. वाडीत फक्त झाडं आपल्या पोटाची निवडलेली असतात.

इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यात रॉबर्ट हार्ट नावाचे गृहस्थ राहत. आपल्या भावासोबत ते शेती करू लागले. दरवर्षी भाजीचे वाफे खणायचे, जनावरं सांभाळायची, फळबाग राखायची, हे दोघांना झेपेना. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की बारमाही भाज्या आणि औषधी वनस्पती लावलेला एक लहान तुकडा मात्र जवळजवळ आपलं आपणच सांभाळतो आहे. त्यावरून त्यांनी फळबागेतच सात थरांची बाग उभी केली आणि 1980 च्या दशकात तिला वनबाग म्हणायला सुरुवात केली. केरळातल्या घरामागच्या बागांचं उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांच्या त्या बागेचं क्षेत्र 0.12 एकर, आपल्या मापात पाच गुंठ्यांनाही जरा कमीच. थंड देशातला माणूस आपल्या किनाऱ्यावरच्या बागांकडे पाहून शिकला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आणि त्याच वर्षांत आपण आपल्या वाड्या मोकळ्या करत होतो, याचं वाईटही वाटतं.

मीही केल्या. सासूबाई गेल्यानंतरची गोष्ट. गडी मिळेना, मजुरी वाढली, म्हणून मुलाने मुंबईहून गवत कापायचं मशीन आणून दिलं. चार दिवसांत वाडी आरशासारखी लख्ख झाली. पातेरा, म्हणजे गळलेला पाचोळा, गोळा करून पेटवला. येणारेजाणारे म्हणाले, आता वाडी कशी छान दिसते. सलग तीन वर्षं असं केलं. पहिल्या वर्षी काही जाणवलं नाही. दुसऱ्या वर्षी माडाला दिवसाआड पाणी पुरायचं ते रोज द्यावं लागू लागलं. तिसऱ्या वर्षी सुरण खणला तर नारळाएवढासुद्धा भरला नाही, आणि पावसात वाडीतून वाहणारं पाणी गढूळ दिसायला लागलं. त्या पाण्याबरोबर माझी वाडीच चालली होती.

इथे एक गोष्ट सांगते. उंच झाड असलं की जमिनीला पावसाचा मार लागत नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उंच झाडाच्या पानांवर थेंब एकत्र होतात, मोठे होतात आणि पंधरा-वीस फुटांवरून खाली आपटतात. सागाची पानं मोठी असल्याने मोकळ्या सागाखाली माती कशी उघडी पडते ते पाहा. मार खरा अडतो तो खालच्या थरात: हळदीच्या पानांवर, अळूवर आणि शेवटी पातेऱ्यावर. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि नंतरचे आठ महिने कोरडे जातात. इतका पाऊस पेलायला आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत ओल टिकवायला जमिनीवर पांघरूण हवंच.

चौथ्या वर्षी मी काडी लावली नाही. माडाला साधारण महिन्याला एक झावळ येते आणि जुनी गळते. माझे अठरा माड, म्हणजे वर्षाला दोनशेच्या वर झावळ्या मला वाडीच देते. त्या तोडून आळ्यात पसरल्या. सोडणं, म्हणजे नारळाची सोललेली सालं, पुरली, खोलगट बाजू वर करून, म्हणजे प्रत्येक सोडण पाणी धरते. घड काढलेली केळ आडवी करून तिचं खोड फोडून माडाभोवती ठेवलं, तेही पाण्याने भरलेलंच असतं. गडग्यावरच्या गिरिपुष्पाचा पाला वर्षातून दोनदा छाटून टाकला. त्याची मुळं हवेतलं नत्र धरतात, म्हणून त्याचा पाला माडाला चांगला मानवतो.

परवाच, भर उन्हात, मी जायफळाखाली बसून पातेरा हाताने बाजूला केला. वरचं पान कडकडीत वाळलेलं, हात लावताच मोडणारं. त्याखालचं मऊ, तपकिरी, जाळीसारखं झालेलं. त्याच्याही खाली पान असं उरलंच नव्हतं, नुसता काळा भुगा आणि त्यात बुरशीचे दोऱ्याएवढे पांढरे धागे. मग माती, मे महिन्यात ओली, हाताला गार. पावसाच्या पहिल्या दिवशी येतो तो वास तिला होता. दोन काडू, म्हणजे गांडुळं, घाईघाईने आत शिरले. हीच माती सात वर्षांपूर्वी खोऱ्याला खणखण आवाज द्यायची.

पातेरा ठेवा म्हटलं की आमच्या बायका लगेच विचारतात, आणि फुरसं? प्रश्न खरा आहे. फुरसं हा विषारी साप कोकणात किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, आणि पाचोळा पेटवायची सवय पुष्कळशी त्या भीतीतूनच आली. म्हणून घराभोवतीचे दहा-पंधरा फूट मी स्वच्छच ठेवते. वाडीतून जायला तीन फुटांची पायवाट झाडलेली असते. पातेरा फक्त आळ्यांत. त्यात काही करायचं तर आधी काठीने हलवायचं, पायात गमबूट घालायचे, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय आत जायचं नाही. आणि चावलंच तर मंत्र, जडीबुटी यांत एक मिनिटही घालवायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. पोफळीच्या विऱ्या, म्हणजे गळलेल्या झावळीच्या बुडाची रुंद पोय, मात्र उताण्या पडू देऊ नका. त्यांत पाणी साचतं आणि डास होतात. पालथ्या घाला नाहीतर फाडून टाका.

आता कुठे काय लावायचं. याला माझं एकच उत्तर असतं: आधी वाडीची सावली पाहा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला एकेक फेरी मारा. माड सात-आठ वर्षांचा होईपर्यंत खाली भरपूर ऊन असतं. तिथे केळी, अननस, हळद, भाजीपाला सगळं येतं. आठ ते पंचवीस वर्षांचा माड सावली दाट धरतो, त्या काळात आलं, सुरण, अळू यांवर भागवावं. त्यानंतर माड उंच होतो आणि ऊन पुन्हा झिरपायला लागतं. जायफळ, दालचिनी, मिरी यांची वेळ ती. मिरीचा वेल झाडाच्या उत्तरेला किंवा ईशान्येला, बुंध्यापासून दोन हातांवर लावून मग खोडाकडे न्यायचा, म्हणजे दुपारच्या कडक उन्हातून तो वाचतो. पावसाळ्यात त्याला तुरे येतात आणि तुऱ्यावरून ओघळणारं पावसाचं पाणीच पराग खाली पोचवतं. ज्या वर्षी जूनमध्ये सरी चांगल्या पडतात त्या वर्षी घोस भरलेले दिसतात.

रातांबा आणि जायफळ या दोघांमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. मी बीपासून चार रातांबे लावले होते. आठ वर्षं पाणी घातलं, पातेरा घातला, आणि फुलावर आल्यावर कळलं की त्यांतले तीन नर. आठ वर्षं परत मिळत नाहीत, म्हणून सांगते: रातांब्याचं कलमच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात चांगली आहे. त्याच विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र रत्नागिरीजवळ भाट्ये इथे आहे. माडांमध्ये जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची झाडं लावून तिथे ‘लाखी बाग’ उभी केली आहे. सवड काढून एकदा जाऊन या. दहा पानं वाचून कळणार नाही ते तिथल्या सावलीत अर्धा तास उभं राहिल्यावर कळतं.

माझं माहेर श्रीवर्धनकडचं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आलं. भावाची पोफळीची वाडी एका दुपारी आडवी झाली. फोन लागत नव्हते, आठव्या दिवशी त्याचा आवाज ऐकला. म्हणाला, “ताई, वाडीतून समुद्र दिसतोय.” पोफळ पुन्हा लावली तरी सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात. खालची हळद, सुरण, अळू मात्र जागेवर होतं, आणि त्या वर्षी घराला तेवढाच हातभार लागला. पण वरचं छप्पर गेल्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात वाचलेली जायफळं करपायला लागली. तेव्हा त्याने जायफळांच्या आणि पोफळीच्या नव्या रोपांच्या दक्षिण-पश्चिमेला केळी लावल्या. केळ सात-आठ महिन्यांत सावली देते. आज त्या केळींच्या आडोशाने वाढलेल्या पोफळी माणसाच्या वर गेल्या आहेत. अनेक थर असले की वादळ सगळं एका वेळी नेऊ शकत नाही, हे मी त्या वाडीत पाहिलं.

माकडांचं काय, हेही तुम्ही विचाराल. शहाळी, केळी, फणस यांवर त्यांचा हक्क ती मिळवतातच, आणि यावर माझ्याकडे खात्रीचा इलाज नाही. म्हणून मी खालच्या थरावर जोर देते. हळद, आलं, सुरण, मिरी यांना माझ्या वाडीत ती हात लावत नाहीत. कणगीला रानडुकराची भीती, ती गडग्याच्या आतच लावा.

ज्यांच्याकडे वाडी नाही, नुसतं मागीलदार आहे, त्यांनी एक शेवगा, एक कढीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावर एक केळ आणि तिच्या पायाशी काळ्या देठाचं अळू लावावं. अळूला आणि सुरणाला खाज असते, ती मारायला आंबट लागतं, म्हणून जागा असेल तर बिमलीचं, त्या आंबट फळाचं, एक झाडही लावा. श्रावणात पातोळ्यांसाठी हळदीची पानं विकत आणावी लागू नयेत म्हणून चार गड्डे हळद. एवढं लहानशा मागीलदारातही मावतं.

आणि आजच्या आज करण्यासारखं एक काम. दोन माडांच्या मधोमध, दोन्ही बुंध्यांपासून दोन मीटर सोडून, दीड-दोन फूट खड्डा घ्या. तळाला पातेरा आणि कुजलेलं शेण घाला. सुरणाचा अर्धा-पाऊण किलोचा तुकडा असा कापा, की मधल्या डोळ्याचा थोडा भाग त्याच्याकडे येईल. शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा. डोळा वर ठेवून खड्ड्यात बसवा, माती ओढा आणि वर झावळ्या पसरा. पाऊस पडला की झावळ्यांमधून एकच जाड, ठिपक्यांचा देठ वर येईल आणि छत्रीसारखा उघडेल. थंडीत तो पिवळा पडून आडवा झाला की खणायला घ्या.

नमस्कार.